शिरगाव

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागे,
पिठाच्या गिरणीवरची अभ्यासिका. महिना सहाशे,
पंख्याखालची खुर्ची हवी तर सातशे.
खाली ज्वारी दळतात, वर आम्ही दळतो.

मोबाइलवर घड्याळ लावून मोजलं :
मिनिटाला एकशे दहा शब्द.
पेपरला निदान दोनशे लागतात.
तुझे ओठ हलतात, शेजारची ऋतुजा म्हणाली.
हलणारच. चौथीत शेंडगे गुरुजी
ओळीखाली पट्टी धरून मोठ्यानं वाचायला लावत.
पट्टी सरकेल तेवढाच शब्द माझा.
ती पट्टी अजून जिभेखाली आहे.
शिवाय दर ओळीला मी मागे वळते,
कडी लावली का बघायला
कोपऱ्यावरून परत येणाऱ्या बाईसारखी.

मग चिडून वेग वाढवला. दोनशे साठ!
उतारा जमिनीच्या धुपेवर होता
आणि मी त्याच्यावरून गेले
मुरमावरून पाणी जातं तशी.
पाचपैकी एक बरोबर.
‘खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा.’
मी योग्य ओळखलं.
एका ‘अ’चे दोन गुण गेले.

अल्लाबक्ष मुजावर दळणाला येतात दर गुरुवारी,
बाजरी, आणि वर मूठभर मेथ्या.
एकतीस वर्षं रेल्वेच्या डाकेत होते,
रात्रीच्या गाडीत, हलत्या बल्बाखाली,
उभ्यानं पत्रं लावायचे.
जिन्यात बसून मी पुटपुटत होते, त्यांनी ऐकलं.
“अक्षरं कशाला वाचतीस पोरी?
गाव तोंडावरनं ओळखायचं. तासगाव. पलूस. कराड.
डोळा पुढच्या पत्रावर पाहिजे,
हात अजून मागच्याचा कप्पा शोधतोय.”
आणि जीभ?
“जीभ तंबाखूत.”

मी विचारलं, मग चुकायचं नाही का काही?

चाचांनी पिशवीचं तोंड बांधलं, सोडलं, परत बांधलं.
“एकदा एक कार्ड आलं. पत्ता : आईस, शिरगाव.
तालुका नाही, जिल्हा नाही.
शिरगावं आमच्या लाइनीला चार-पाच तरी.
बाकीचा गठ्ठा भिलवडीच्या आत लावून मोकळा झालो,
हे एक गुडघ्यावर ठेवलं.
आतलं वाचायचं नसतं. पण कार्डाला कुठलं आत?
वाचलं. दोनदा. ओठ हलवून वाचलं.
मळीला पाणी लागलं असंल तर म्हशी वर घे, लिहिलंवतं.
मळी म्हणजे नदी. नदी म्हणजे वाळव्याकडचं शिरगाव.
ताकारीच्या थैलीत टाकलं.”
पोचलं?
“ते आम्हाला कुठं कळतंय.”
पिशवी खांद्यावर घेतली, दोन पायऱ्या उतरले.
“कप्पा कळतोय तवर पळायचं.
नाही कळला, तिथं बसायचं.”

तेव्हापासून मी नद्यांची नावं, सनावळ्या, टक्केवारी
पळत घेते, त्यांचे कप्पे माझ्याकडे आहेत.
‘परंतु’ आला की गुडघा पुढे करते.
‘वगळता’ला. ‘क्वचित’ला.
‘अयोग्य’च्या ‘अ’ला तर हात लावून बघते.
एकशे नव्वद शब्द, पाचपैकी चार.
ऋतुजा म्हणते, ओठ अजून हलतात मधेच.
हलू देत मधेच.

काल संध्याकाळी सोपानचा मेसेज आला :
ताई, इकडं सगळं ठीक, तू अभ्यास कर, आई आता बरी आहे.
अकरा शब्द, तीन सेकंद.
अंगठा पुढे सरकलाही होता,
खाली कुणाचा तरी फॉरवर्ड, त्याच्याखाली सरावाचा पेपर,

आणि अंगठा परत वर आला.

आता.

मी काही विचारलंच नव्हतं.

गिरणी बंद झाली होती. पट्टा अजून थोडा फिरत होता.
ओठ हलवून वाचलं, दोनदा.
मग घड्याळ बघितलं :
कवठ्याची शेवटची एस.टी. आठ दहाला,
स्टँडपर्यंत चालत वीस मिनिटं,
पळत बारा.